लाल दोऱ्याची अकरा झाडं

बिल्ला पुठ्ठ्याचा होता. त्यावर शेख सरांनी स्वतःच्या हातानं निळ्या शाईत 'विद्यार्थी दूत' असं लिहिलं होतं आणि खाली माझं नाव, सुदाम. आडनावाला जागा उरली नाही म्हणून ते राहून गेलं. जागा उरली नव्हती हे खरं असेलही, नसेलही. त्या वर्षांत आमच्याकडं आडनाव कळलं की माणसाला कुठं बसवायचं ते ठरायचं, आणि शेख सर शहाणे गृहस्थ होते. मी तो बिल्ला शर्टाच्या खिशाला टाचणीनं लावला तेव्हा टाचणी आतल्या बनियनमधून थेट छातीत गेली. मी ओरडलो नाही. आपल्याला मान मिळत असताना ओरडणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं.

परभणीच्या शेतीच्या विद्यापीठात मी दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातला पहिला, आणि आमच्या वस्तीतलाही पहिलाच. शेख सर आम्हाला विस्तार शिक्षण शिकवायचे, म्हणजे विद्यापीठात जे काही शोधलं जातं ते शेतकऱ्यापर्यंत कसं न्यायचं, हा विषय. त्यांची कल्पना अशी होती की ज्या गावचा विद्यार्थी आहे त्यानंच आपल्या गावाकडं विद्यापीठाचा दूत म्हणून जावं आणि हिवाळा सरताना शिवारफेरीला गाव घेऊन यावं. निवड जाहीर झाली त्या दिवशी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी अर्धा तास उभा राहिलो आणि शेवटी म्हणालो, "सर, दूताला बोलता यायला पाहिजे ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बेटा, बोलणारे माझ्याकडं पुष्कळ आहेत. मला ऐकून घेणारा पाहिजे." मी ऐकून घ्यायचो हे खरं होतं. मला दुसरं काही यायचंच नाही.

आमचं गाव परभणी आणि पूर्णा यांच्या मधलं. पूर्णेकडं जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या आमच्या घरात घड्याळाचं काम करायच्या. आठची गाडी गेली की माय पीठ मळायला घ्यायची, आणि गाडी उशिरा आली तर आमची भाकरीही उशिरा. घरात बोलणं कमी आणि रेडिओ जास्त. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेतीचा कार्यक्रम लागला की भांड्याचा आवाजसुद्धा चालायचा नाही. आमची जमीन दीड एकर, पण दादा रेडिओशी भांडायचे ते शंभर एकरांचा धनी असल्यासारखे. रेडिओतला माणूस म्हणायचा, शेतकरी बंधूंनो, पेरणीपूर्वी बियाण्यास औषध चोळावे. दादा म्हणायचे, "चोळतो की. तू औषध धाड." माय चुलीपाशी भाकरी थापत असायची. कार्यक्रम तिला पटला नाही की तिचे हात परातीवर जरा जोरात पडायचे. ज्वारीची गरम भाकरी, वर लसणाची चटणी आणि सणावारी येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी, एवढ्यावर आमचं घर तृप्त असायचं. आज मुलं मला हॉटेलात नेतात तेव्हा मी मेनू वाचायचं सोडून दिलंय. त्यात येसराची आमटी कधीच नसते.

दादांचा एक नियम सगळ्या गावाला माहीत होता. त्यांच्या वडिलांचं निम्मं आयुष्य सुगीला लोकांच्या खळ्यावर आणि दारात धान्यासाठी ओटी पसरण्यात गेलं होतं. दादांनी बुद्धाचा धम्म घेतला त्या दिवशी ठरवलं, आपण कुणाच्या दारात काही मागायला उभं राहायचं नाही. हे ते इतकं कडक पाळायचे की घरातलं मीठ संपलं तर आम्ही अळणी खायचो. माय वैतागून म्हणायची, "अवो, शेजारीण माजी सख्खी बहीण हाय. तिला चिमूटभर मीठ मागितलं तर काय व्हतंय?"

"सवय लागती," दादा म्हणायचे.

"मिठाची?"

"मागायची."

तर हा असा माणूस माझा बाप, आणि मी विद्यापीठाचा दूत. संक्रांतीच्या सुट्टीत मी बिल्ला लावून गावातल्या पारावर गेलो. तिथं रंगनाथ तात्या बसले होते. गावातला एकुलता एक ट्रॅक्टर त्यांचा, आणि बोलताना ते नेहमी समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडं पाहायचे, जणू मागं कुणी जास्त महत्त्वाचा माणूस उभा असावा. मी लहानपणी दोनतीनदा वळून पाहिलंही होतं.

"मला विद्यापीठानं दूत नेमलंय," मी म्हणालो.

"कोणत्या इद्यापीठानं?" तात्यांनी विचारलं आणि पारावरची कुजबुज थांबली.

ते नामांतराचे दिवस होते. औरंगाबादच्या विद्यापीठाला नाव काय असावं यावरून आमच्या भागातली गावं दुभंगली होती. गावात आणि आमच्या वस्तीत 'काय चाललंय' याच्या पलीकडं बोलणं उरलं नव्हतं. विद्यापीठ हा शब्दच असा झाला होता की तो कुणी उच्चारला की ऐकणारा आधी बोलणाऱ्याचा हेतू तपासायचा. मी घाईनं म्हणालो, "हे ते नव्हं तात्या. हे शेतीचं."

"मंग हितं नावाचं काई न्हाई ना?"

"न्हाई. हितं हरभरा दाखवतेत."

"हरभरा काय आमी पायला न्हाई?" मागून कुणीतरी म्हणालं. गयाबाई नावाची एक म्हातारी होती, तिची जीभ आणि गुडघे दोन्ही गावभर प्रसिद्ध होते. जीभ चालायची आणि गुडघे दुखायचे. ती काठी टेकत पुढं आली आणि बिल्ल्याला बोट लावून म्हणाली, "दूत म्हंजी यमाचा असतो तसला का रं?"

मी पाठ केलेलं भाषण आठवायचा प्रयत्न केला. त्यात यमाबद्दल काही नव्हतं. मी सुरू केलं, "शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आधुनिक वाणांची उत्पादनक्षमता..."

"जेवाण हाय का?" गयाबाईनं विचारलं.

"हाय. बुंदी बी हाय."

"मंग हे आधी सांगायचं ना लेकरा! हितं कवाचा उत्पाद करायलास."

अशा रीतीनं बुंदीच्या जोरावर छत्तीस माणसं तयार झाली. शिवारफेरीच्या दिवशी मी त्यांना न्यायला गावी आलो आणि तात्यांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. निघताना गावातली माणसं पुढच्या बाजूला बसली आणि आमच्या वस्तीतली मागच्या. कुणी सांगितलं नव्हतं, तसंच बसायचं असतं. मध्ये हातभर जागा रिकामी राहिली. पण परभणीचा रस्ता तेव्हा असा होता की पहिल्या कोसातच गयाबाई घसरत येऊन दादांच्या शेजारी बसली, तिसऱ्या कोसात तात्यांचा चुलतभाऊ माझ्या मावशीच्या टोपलीत, आणि शहर आलं तोवर ट्रॉलीत कोण कुठं आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. रस्ते चांगले झाल्याचं मला एरवी दुःख नाही, पण ट्रॉलीतून उतरताना सगळे एकमेकांच्या अंगावरची धूळ झटकत होते ते मला अजून दिसतं.

शिवारफेरीत आमच्या वाट्याला हरभऱ्याची बाजू आली. तिथं वैद्य सरांचं शेत होतं. वैद्य सर उंच, वाळलेले, डोक्यावर जुनी टोपी. त्यांचं सगळं आयुष्य हरभऱ्याच्या मर रोगावर चाललेलं. मर लागली की उभं झाड दोनचार दिवसांत सुकून जातं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सरांनी एका तुकड्यात ती मर मुद्दाम जोपासली होती. दर वर्षी तिथं नाना तऱ्हेचा हरभरा पेरायचा, रोगाला खाऊ द्यायचा, आणि त्यातून एखादं झाड तगलं तर त्याचं बी जपायचं. त्या दिवशी मांडवात पाहुणे येणार म्हणून सरांना तिकडं बोलावलं होतं आणि समजावून सांगायचं काम दूताकडं आलं होतं.

समोरचं दृश्य मात्र समजावून सांगण्याजोगं नव्हतं. सगळा तुकडा करपून गेलेला, आणि मध्येच इथं एक, तिथं एक हिरवंगार झाड, बुंध्याला लाल दोरा आणि दोऱ्याला नंबरची चिठ्ठी. आमची माणसं बांधावर उभी राहून गप्प झाली. मयताला आल्यासारखी.

"अरारारा," तात्या म्हणाले. "इद्यापीठाचा हरभरा तर पार गेला की."

"गेला नाही तात्या. इथं रोग मुद्दाम वाढवला जातो," मी म्हणालो.

"मुद्दाम?"

"हो."

"पगार देऊन?"

यावर जो हशा झाला तो शेजारच्या करडईपर्यंत गेला. दादा मात्र हसले नाहीत. त्यांचं लक्ष लाल दोऱ्यांवर होतं. "सुदाम, हे दोरे कामून बांधलेत? रोज रेडिओवर इग्यान सांगतेत अन् हितं नजर लागू न्हाई म्हणून दोरे बांधतेत?"

"तसं नाही दादा, ती खूण..."

"लाज वाटाय पायजे," दादा म्हणाले. पण गयाबाईचा चेहरा उजळला होता. एवढी मर येऊनसुद्धा ज्याला काही झालं नाही असं झाड, आणि त्याला दोरा! मी पुढं सांगणार होतो की या झाडांना हात लावायचा नाही. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात मांडवाकडून हाका आल्या, जेवणाच्या रांगेत गोंधळ झालाय, सगळ्या दूतांनी या. मी धावलो. मला उशीर करण्याची भीती वाटायची.

आमच्याकडं एक रीत आहे. माणूस कुणाच्या शिवारात गेला तर रिकाम्या हातानं परतत नाही. हरभऱ्याचा ढाळा, म्हणजे घाट्यांनी लगडलेलं हिरवं झाड, मुळासकट उपटून हातात घ्यायचं, खात खात घरी जायचं, उरलेला वानवळा म्हणून घरच्यांना. यात चोरी नाही. उलट कुणी घेतलं नाही तर शेताच्या मालकाला वाईट वाटतं. आणि घ्यायचं म्हटलं तर वाळलेलं झाड कोण घेईल? संध्याकाळी ट्रॉली निघाली तेव्हा माणसं खूश होती, हातात ढाळे होते, काहींच्या मनगटावर लाल दोरे होते. गयाबाईचा ढाळा मोठा होता. तो वर चढवायला मीच हात दिला.

ट्रॉली गेल्यावर मला वैद्य सर दिसले. ते तुकड्याच्या कडेला उकिडवे बसले होते, टोपी हातात. मी जवळ गेलो तर म्हणाले, "अकरा होती." एवढंच. मग उपटल्या जागची माती बोटानं सारत, "आठ वर्षांत अकरा." रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शेख सर आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "वैद्यसाहेब, आता काही होऊ शकतं?" सर म्हणाले, घाटे भरले होते, पिवळे पडायला लागले होते. कुणी भाजले नसतील, शिजवले नसतील, तर वाळवून उगवतील. एका दाण्यातूनही जात वाचते. शेख सर माझ्याकडं वळले. "सकाळच्या पहिल्या गाडीनं जा, बेटा." मी बिल्ला काढायला लागलो. "काढू नको," ते म्हणाले. "आता तर तुला तो लागणार आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार. वैद्य सरांनी दिलेली बियाण्याची कोरी पाकिटं पिशवीत घेऊन मी स्टेशनपासून घरापर्यंत अर्धं पळत गेलो. पोटात आदल्या दिवसापासून काही नव्हतं, कारण रांग सांभाळता सांभाळता बुंदी संपली होती. मायनं काही न विचारता ताट पुढं केलं. गरम भाकरी आणि हिरव्या सोलाण्याची आमटी. मी खाली मान घालून खाल्लं. दुसरी भाकरी घेतली, वाटी पुसून घेतली. तेव्हा कुठं डोकं चालायला लागलं.

"माय, आपल्या रानात औंदा हरभरा कुठं हाय?"

"न्हाईच. तुज्या दादानं आणलाय, तुज्या इद्यापीठातून."

घास गिळला गेला होता. मी तोंड उघडं ठेवून बसलो. दादा दारात उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, आठ वर्षं, अकरा झाडं, एका दाण्यातून जात वाचते ते. दादांचा चेहरा उतरत गेला. ते आत गेले आणि भिंतीतल्या देवळीतून नंबरची चिठ्ठी घेऊन आले. दोरा त्यांनी चुलीत घातला होता, तत्त्वाचा प्रश्न होता. चिठ्ठीवर सात आकडा होता. सात नंबरचं झाड आता माझ्या पोटात होतं.

"लोकाच्या घरी शोधत जायचं, अन् पहिला चोर घरात," दादा म्हणाले.

"उरलेली दहा आहेत दादा. मी पिशवी घेऊन निघतो. घरोघर जाऊन..."

"घरोघर जाऊन काय?"

मी थांबलो. मला कळलं. दादांनी माझ्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं, मग बाहेर गावाकडं. "माजा पोरगा पिशवी घेऊन गावात दारोदार हरभरा मागत फिरणार?"

"मागायचा नाही दादा. परत घ्यायचा आहे."

"पिशवी तीच. दार तेच. बघणाऱ्याला काय फरक दिसणार हाय?"

माय म्हणाली, "अवो, त्या सरांचं आठ सालाचं काम हाय." दादा अंगणात जाऊन बसले. प्रत्येक घरात आत्ता कुणीतरी ढाळा भाजायला घेत असेल असं मला वाटत होतं, आणि बापाला ओलांडून जायची माझी छाती नव्हती. खरं सांगायचं तर आजही नाही, आणि दादांना जाऊन फार वर्षं झाली. शेवटी ते उठून आले. "आपुन जायचं न्हाई. त्यांनी यायचं. शाळेच्या ओसरीत बस, बिल्ला लाव, पाकिटं मांड. ज्यानं उपटलं त्यानं आणून द्यावं."

"पण त्यांना कळणार कसं?"

"दवंडी मी देणार न्हाई," दादा ताडकन म्हणाले. कुणी त्यांना म्हटलंही नव्हतं, पण गावची दवंडी पिढ्यानपिढ्या आमच्याच वस्तीकडं होती.

राहिला मारुतीच्या देवळावरचा भोंगा. तो तात्यांच्या ताब्यात. पण तात्यांच्या दारात जायचं नाही, म्हणून दादांनी मला त्यांच्या वाटेवर, घराच्या समोर पण दारापासून लांब, अशा जागी उभं केलं. स्वतः लिंबाखाली थांबले. थोड्या वेळानं तात्या बाहेर पडले, हातात पाण्याचा तांब्या, रानाच्या दिशेनं, घाईत.

"तात्या, एक काम होतं."

"काय ते आल्यावर."

"भोंग्यावरून सांगायचं होतं, विद्यापीठाचा हरभरा..."

"सांगतो. सर बाजूला."

"म्हणजे लाल दोऱ्याचीच झाडं, नंबराच्या चिठ्ठीसकट, आत्ताच्या आत्ता..."

"सांगतो म्हणलं ना भाड्या! सर!"

विद्यापीठाच्या कामाला इतका तत्पर होकार मला पुढं कुठल्याच कार्यालयात मिळाला नाही. तात्या शब्दाला जागले. अर्ध्या तासानं भोंगा खरखरला. "ऐका हो. ज्यांनी ज्यांनी काल इद्यापीठातून लाल दोऱ्याचा हरभरा उपटून आणलाय, त्यांनी तो खाऊ नये. शाळेत सुदामजवळ आणून द्यावा. पोलीस यायलेत."

पोलिसांचं मी काहीच म्हणालो नव्हतो. त्याचा परिणाम मात्र जबरदस्त झाला. शाळेच्या ओसरीत मी सतरंजी टाकून, शेजारी दादांना बसवून पाकिटं मांडतो न मांडतो तोच माणसं यायला लागली. ज्यांनी नेला होता ती आली, आणि जी ट्रॉलीत बसलीही नव्हती तीसुद्धा आली. कुणी स्वतःच्या रानातला ढाळा आणला, कुणी घरातले फुटाणे. एकानं तूर आणली, म्हणाला, पंचनाम्यात निघायला नको. तासाभरात माझ्यापुढं ढीग लागला आणि खरी झाडं त्यात बुडाली. दादा मात्र शांतपणे एकेक झाड उचलून मुळं पाहत होते. "ह्याच्या मुळीला आपली काळी माती हाय. हे आपल्या गावचं. हे बघ, ही माती निराळी. हे तिकडचं." दुपारपर्यंत त्यांनी आठ झाडं वेगळी काढली आणि आठही चिठ्ठ्या लोकांच्या खिशांतून, चंच्यांतून निघाल्या. एकाचं झाड शेळीनं खाल्लं होतं. तो बिचारा शेळीच घेऊन आला होता.

गयाबाईनं ढाळा दिला, पण मनगटावरच्या दोऱ्याला हात लावू देईना. "दोरा न्हाई देणार. रात्रीपासून गुडघा थांबलाय माजा."

"आजी, तो दोरा हरभऱ्याचा आहे."

"हरभऱ्याला कुठं गुडघं असतेत?"

"ठिवा तुमच्याजवळ," दादा म्हणाले. मी चमकून पाहिलं. ते मान खाली घालून घाटे सोलत होते. देणारे लोकही तिथंच बसून सोलायला लागले होते, कारण पाकिटं चिमुकली आणि दाणे मोजून टाकायचे होते. एकाच सतरंजीवर गाव आणि वस्ती गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि भोवती टरफलांचा खच पडला होता.

दहावं झाड तात्यांचं. त्यांनी गड्याच्या हाती पाठवलं. ढाळा ट्रॉलीतच खाऊन संपलेला, जेमतेम तीन घाटे लटकत होते, आणि चिठ्ठी नव्हती. "चिठ्ठीबिगर उपेग न्हाई," दादांनी गड्याला सांगितलं. "ज्यानं उपटला त्यानं यावं." गडी गेला. मला वाटलं, संपलं. पण तात्या आले. चिठ्ठी काढून माझ्यापुढं टाकली आणि खुर्ची शोधली. रविवार असल्यामुळं खुर्च्या कुलपात होत्या. मग ते हुश्श करत सतरंजीवर बसले, माझ्या अगदी शेजारी, आणि घाटे सोलायला घेतले. पहिला पोकळ निघाला. दुसरा अळीनं पोखरलेला. तिसऱ्यातून एक टपोरा दाणा निघाला. तात्या तेव्हा पोलिसांचं आपल्याला कसं सुचलं ते सांगत होते. हरभरा सोलताना दाणा तोंडात जाणं हे श्वास घेण्यासारखं असतं, माणूस ते ठरवून करत नाही. तात्यांचा हात वर गेला आणि दाणा तोंडात पडला.

"थुंका!"

हा आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. घाटे फुटण्याचे आवाज थांबले. दादांचा हात हवेतच राहिला. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा, डोक्यावरून नाही, सरळ डोळ्यांत. त्यांचा एक गाल फुगलेला होता.

"तात्या, चावू नका," मी म्हणालो. माझ्या हातातलं पाकीट उघडंच होतं. "एका दाण्यातून जात वाचते. थुंका."

तात्यांनी तळहात पुढं केला आणि त्यावर दाणा थुंकला. ओला, चकचकीत, अख्खा.

"तात्या," गयाबाई म्हणाली, "सकाळी चूळ भरली व्हती ना?"

जो हशा उसळला त्यात आधी तात्याच मोठ्यानं हसले. मग दाणा माझ्या हातावर ठेवून काळजीनं वाकून म्हणाले, "बघ बरं सुदाम, दात तर लागला न्हाई? उगवल ना?" मी तो उजेडात धरून पाहिला. दात लागला नव्हता. पाकिटावर नंबर घातला, आणि शेरा म्हणून खरं तेच लिहिलं, 'तोंडातून परत घेतला'.

माणसं पांगल्यावर दादांनी सतरंजी झटकली, नऊ पाकिटं दोनदा मोजली आणि माझा तिरका झालेला बिल्ला सरळ केला. टाचणी पुन्हा टोचली. "चल," ते म्हणाले, "पाचची गाडी सापडंल."

सोमवारी सकाळी वैद्य सरांच्या टेबलावर मी पाकिटं ओळीनं मांडली. त्यांनी एकेक उघडलं, दाणे बशीत ओतले, बोटानं सारखे केले. तात्यांच्या पाकिटावरचा शेरा त्यांनी दोनदा वाचला, पण काही विचारलं नाही. "नऊ," ते म्हणाले. "दहावं?"

"शेळीनं खाल्लं, सर."

"आणि अकरावं? सात नंबर?"

खोटं बोलायला मला शेळ्या पुष्कळ होत्या. पण मी हळू आवाजात म्हणालो, "ते मी खाल्लं, सर. आमटीत होतं. मला माहीत नव्हतं."

सरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. खिशातून पेन काढलं आणि जाड वहीत सात नंबरचं पान उघडलं. आता तिथं माझं नाव लिहिणार, असं मला वाटलं.

"चव कशी होती?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, ते टोमणा मारतायत.

"आठ वर्षांत यातला एक दाणा मी तोंडात टाकलेला नाही," ते म्हणाले. "टाकवतच नव्हता. पण उद्या शेतकरी पहिलं हेच विचारणार. सांग, कसा होता?"

मग मी सांगितलं. गोड होता. साल पातळ, दाताखाली राहत नाही. शिजतो लवकर, पण फुटत नाही, आमटीत अख्खा दिसतो. भाकरीबरोबर जास्त चांगला लागतो, भाताबरोबर कसा ते ठाऊक नाही. विद्यापीठाच्या कुठल्याही शिक्षकासमोर मी तोवर एका दमात इतकं बोललो नव्हतो. सर मान न उचलता लिहीत होते.

"आणखी काही?"

"माय म्हणत होती, ह्याला मीठ कमी लागतं."

त्यांनी तेही लिहून घेतलं.